खिशातलं रेल्वेचं घड्याळ: खरं कसं ओळखायचं?

सिग्नलवाला

मागच्या रविवारी सहलीत एका मित्राने खिशातून घड्याळ काढून दाखवलं. लेकीने पन्नाशीला दिलेलं. झाकणावर धूर सोडणारं इंजिन कोरलेलं, तबकडीवर पुन्हा इंजिन, रोमन आकडे. विकणाऱ्याने लिहून दिलं होतं की हे शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकन रेल्वेचं घड्याळ आहे. मी मागचं झाकण उघडलं आणि आत पिन-पॅलेटचं (खड्यांऐवजी साध्या धातूच्या पिनांवर चालणारं) स्वस्त स्विस मशीन दिसलं. भेट प्रेमाची होती, तिथे काही बोललो नाही. पण घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी मूळ दौंडचा, बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. गेली चौदा वर्षं ओहायोत आहे आणि अमेरिकन रेलरोड घड्याळं जमवतो. आजमितीला अकरा आहेत, त्यातली आठ चालतात.

पहिली गोष्ट आधीच सांगतो. इंजिनाचं चित्र असलं म्हणजे घड्याळ रेल्वेचं, असं नाही. बहुतेक वेळा उलटंच असतं. इथल्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या (कंडक्टर म्हणजे आपल्याकडचा गार्ड) खिशातलं घड्याळ दिसायला अगदी साधं असायचं. पांढरी तबकडी, ठळक काळे इंग्रजी आकडे, जाड काळे काटे. रात्री कंदिलाच्या उजेडात एका नजरेत वेळ कळली पाहिजे, बाकी काही नको. इंजिन, हरणं, फुलं असलेली घड्याळं रेल्वेबाहेरच्या हौशी गिऱ्हाइकांसाठी निघत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडहून अशा नकलांचे ढीग आले. काहींवर अमेरिकन कारखान्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावं घातलेली, काहींवर '२१ ज्वेल्स' (ज्वेल्स म्हणजे चाकांची झीज कमी करणारे मशीनमधले खडे) लिहिलेलं, आणि मशीनच्या वरच्या पट्टीत दिसण्यापुरते लाल खडे बसवलेले.

हे नियम का आले, ते कळलं की ओळखणं सोपं जातं. इथले बरेचसे लोहमार्ग एकेरी होते. समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी कोणी कुठे बाजूच्या रुळावर थांबायचं, हे वेळापत्रक आणि तारेने आलेला लेखी हुकूम यांवर ठरायचं. मधे दुसरा अडसर नसायचा. म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर प्रत्यक्षात दोन माणसांच्या खिशात असायचं.

एप्रिल १८९१ मध्ये क्लीव्हलंडच्या पश्चिमेला किप्टन नावाच्या खेड्यात हेच अंतर संपलं. लेक शोअर अँड मिशिगन सदर्न रेल्वेची एक पॅसेंजर आणि समोरून येणारी जलद डाकगाडी. पॅसेंजरने किप्टनला बाजूला होऊन डाकगाडीला वाट द्यायची होती. ती पुरती बाजूला होण्याआधीच डाकगाडी येऊन आदळली. दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर गेले, टपालाच्या डब्यात पत्रं निवडणारे कर्मचारी गेले. पॅसेंजरच्या ड्रायव्हरचं घड्याळ वाटेत चार मिनिटं थांबून आपोआप पुन्हा सुरू झालं होतं, असं सांगतात. कंडक्टरने आपलं घड्याळ काढून ताडून पाहिलं नव्हतं. आता तिथले रूळ उखडून सायकलची वाट केली आहे. मी उन्हाळ्यात त्या वाटेने जातो आणि किप्टनला दरवेळी थांबतो. चार मिनिटं म्हणजे किती, हे तिथे उभं राहून मोजलं की कळतं.

त्यानंतर क्लीव्हलंडचा जवाहिऱ्या वेब बॉल याला रेल्वेने घड्याळांची तपासणी बसवायला नेमलं. १८९३ पासून नियम ठरले आणि पुढे कडक होत गेले: उघड्या तोंडाचं (तबकडीवर झाकण नसलेलं) घड्याळ, अमेरिकन मापाने १६ किंवा १८ साइझ, निदान १७ ज्वेल्स, उभं, आडवं अशा पाच स्थितींत वेळ जुळवलेलं, ३४ ते १०० अंश फॅरनहाइटमध्ये वेळ राखणारं, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त मागेपुढे न होणारं, चावीचं बटण १२ च्या डोक्यावर. वेळ लावायची तीसुद्धा बटण ओढून नाही, तर काच उघडून आतला छोटा लिव्हर बाहेर काढून. खिशात चुकून बटण ओढलं गेलं आणि काटे सरकले, असं व्हायलाच नको.

घड्याळ माणसाने स्वतःच्या पैशाने घ्यायचं, बहुधा हप्त्यांवर. दर दोन आठवड्यांनी ते रेल्वेने नेमलेल्या तपासनीसाकडे नेऊन ताडून घ्यायचं. किती सेकंद फरक, ते कार्डावर लिहिलं जायचं. घड्याळासोबत असं भरलेलं कार्ड मिळालं तर मला ते सोन्याच्या केसपेक्षा (केस म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच) मोलाचं वाटतं. माझ्याकडे एकच आहे. शाई फिकी झाली आहे, पण आकडे वाचता येतात.

आता ओळखायचं कसं. झाकण नाही, मशीन वाचायचं. अमेरिकन घड्याळात कारखान्याचं नाव, ग्रेड (मशीनची प्रत) आणि अनुक्रमांक मशीनच्या पट्टीवर कोरलेले असतात. वय ठरवायचं ते या अनुक्रमांकावरून. केसवर वेगळा क्रमांक असतो, तो केसच्या कारखान्याचा, आणि नवे लोक हमखास तिथे फसतात. काही नावं लक्षात ठेवा. हॅमिल्टन ९९२ आणि ९५०, वॉल्थमचं व्हॅन्गार्ड आणि क्रिसेंट स्ट्रीट, एल्जिनचं बी. डब्ल्यू. रेमंड (रेमंड हे कंपनीचे पहिले अध्यक्ष आणि त्याआधी शिकागोचे महापौर), इलिनॉयचं बन स्पेशल. बॉल यांच्या नावाची घड्याळंही चांगली, पण ती त्यांनी हॅमिल्टन, वॉल्थम अशांकडून बनवून घेतलेली.

तबकडीवर १ ते ६० सगळी मिनिटं आकड्यांत लिहिलेली दिसली तर ती माँटगोमेरी तबकडी. सँटा फे रेल्वेच्या घड्याळ तपासनिसाच्या नावावरून हे नाव पडलं. मला स्वतःला ही तबकडी सगळ्यांत देखणी वाटते. गाडी १०:४७ ला सुटणार असेल तर ४७ तिथे लिहिलेलंच असतं, मोजायला नको.

प्रश्न असतील तर विचारा. आपापल्या घरातली घड्याळंही दाखवा.

नवशिक्या_न्यूजर्सी

वाचनखूण साठवली. दादा, मी दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन एक एल्जिन घेतलं. मशीन १६ साइझ, १७ ज्वेल्स, तबकडी साधी पांढरी, काटे काळे. तुमच्या यादीतलं जवळजवळ सगळं जुळतं. फक्त चावीचं बटण ३ च्या बाजूला आहे आणि सेकंदाची छोटी तबकडी ६ वर. हे रेल्वेचं धरायचं का?

सिग्नलवाला

नाही, हे 'साइडवाइंडर' झालं. मशीन हंटर केससाठी बनलेलं, म्हणजे वर झाकण असलेल्या घड्याळासाठी. त्यात बटण ३ वर येतं. पुढे कुणीतरी ते उघड्या केसमध्ये बसवलं. रेल्वेच्या तपासनिसाने ते चालू दिलं नसतं. १७ ज्वेल्सचं एल्जिन म्हणून ते चांगलं घड्याळ आहे, नीट तेलपाणी करून वापर. फक्त कुणी रेल्वेचं म्हणून जास्त पैसे घेतले असतील तर ते चुकीचं झालं.

जुनाबाजार

पुण्यात रविवार-बुधवारच्या बाजारात मी वीस वर्षं फिरतोय, म्हणून एक मुद्दा मांडतो. 'केस बदलली' म्हटलं की संग्राहक लगेच नाक मुरडतात, ते मला पटत नाही. त्या काळी अमेरिकन कारखाना मशीन विकायचा, केस दुसऱ्याच कारखान्याची असायची आणि गिऱ्हाईक दुकानात बसून दोन्ही निवडायचं. मग मूळ केस म्हणजे नक्की कोणती?

सिग्नलवाला

मुद्दा रास्त आहे. मी असं पाहतो. केसच्या आतल्या कडेला मशीनचे स्क्रू जिथे दाबून बसतात, तिथे खुणा उमटतात. खुणांची एकच जोडी असेल आणि आताचे स्क्रू बरोबर तिथेच असतील, तर हे मशीन या केसमध्ये पहिल्यापासून असण्याची शक्यता मोठी. दोन जोड्या असतील तर या केसमध्ये आधी दुसरं कुठलं तरी घड्याळ होतं. शंभर वर्षांत केस झिजते, सोन्याच्या भावात वितळवली जाते, त्यामुळे बदललेली केस म्हणजे लबाडी नव्हे. पण विकताना ते सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे हवी. ज्याच्याकडून मी पहिलं हॅमिल्टन घेतलं त्याने 'कारखान्यातून आलं तसं' असं लिहून दिलं होतं, आणि आत खुणांच्या तीन जोड्या होत्या. तेव्हा मला खुणा वाचता येत नव्हत्या. ती किंमत मला परवडणारी नव्हती आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

तसंच 'वॉरंटेड २० इयर्स' किंवा '२५ इयर्स' असं केसवर लिहिलेलं दिसलं तर ती भरीव सोन्याची नाही. पितळेवर सोन्याचा पत्रा चढवलेला असतो, आणि तो तितकी वर्षं झिजून पितळ दिसणार नाही अशी ती हमी.

लंबक

पुण्यात घड्याळं दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. आता दुकान मुलगा पाहतो. धागा चांगला आहे, पण लोक वाचून उत्साहाने झाकणं उघडतील याची काळजी वाटते, म्हणून लिहितो.

सुरी, स्क्रूड्रायव्हर यांनी केस उघडू नका. रेल्वेची बहुतेक घड्याळं आट्यांची असतात, मागचं झाकण डावीकडे फिरवून निघतं. हात सरकत असेल तर रबरी चेंडू किंवा रबरी हातमोजा दाबून फिरवा. झाकण फिरत नसेल आणि कडेला बारीकशी खाच दिसत असेल तरच ते बिजागरीचं. तिसरा प्रकार म्हणजे मागून अजिबात न उघडणारी केस. त्यात पुढची काच काढून, बटण ओढून अख्खं मशीन पुढे झुलवतात. ते पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या.

लिव्हरच्या घड्याळात बटण वेळ लावायला बाहेर येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अमेरिकन घड्याळांत निम्म्यांचं नुकसान 'बटण अडकलंय' म्हणून पक्कड लावून ओढल्याने झालेलं असतं. पुढची काच फिरवून काढा. १ ते २ च्या दरम्यान तबकडीच्या कडेखाली लिव्हरचं टोक असतं. नखाने हळू बाहेर ओढा, बटण फिरवून काटे लावा, लिव्हर आत ढकला, मग काच लावा.

आणखी एक. 'जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं' हे दर आठवड्याला ऐकतो. चावी पूर्ण दिल्याने चांगलं घड्याळ बंद पडत नाही. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, पूर्ण भरलेली कमानसुद्धा (मुख्य स्प्रिंग) चाकं ओढू शकत नाही. अशा घड्याळाला हलवून हलवून चालवू नका. कोरड्या चुळी (चाकांच्या आसांची टोकं) भोकं खाऊन टाकतात, मग शे-सव्वाशे वर्षं टिकलेलं मशीन दोन महिन्यांत खराब होतं. आधी पूर्ण उघडून साफ करून घ्या.

घेताना एवढं बघा. घड्याळ आडवं धरून हलकेच मनगटातून फिरवा. बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, सहज झुललं पाहिजे. ते एका बाजूला कललेलं दिसलं किंवा खाली-वर हलत असेल तर बॅलन्स स्टाफ (त्या चाकाचा आस) मोडला आहे. खिशातलं घड्याळ पडलं की बहुधा तोच मोडतो. त्या काळात शॉकप्रूफ काही नव्हतं.

नवशिक्या_न्यूजर्सी

काका, माझं एल्जिन सध्या तासाला सात-आठ मिनिटं पुढे जातंय. रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायचा काटा) मागे केला तरी तेच.

लंबक

इतकं पुढे जात असेल तर रेग्युलेटरला हात लावू नका. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्स व्हीलवरच्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले असणार. कारणं बहुधा दोन: तेल लागलं किंवा चुंबकत्व आलं. घड्याळ स्पीकरजवळ, मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ ठेवता का? होकायंत्र घड्याळाशेजारी धरा. घड्याळ चालू असताना सुई थरथरली तर चुंबकत्व आहे. ते काढायचं यंत्र कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे असतं, एका मिनिटाचं काम.

जुन्या घड्याळांत पोलादी स्प्रिंग असल्याने हे जास्त होतं. हॅमिल्टनने पुढे इलिन्व्हार वापरलं, त्यावर उष्णतेचाही फारसा परिणाम होत नाही. हा मिश्रधातू शोधणाऱ्या गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९४० ते १९६९ दरम्यान बनलेलं ९९२बी याच जातीचं. अनुक्रमांकाआधी 'सी' अक्षर असतं. पहिलंच घड्याळ घेणाऱ्याने हेच घ्यावं असं मी सांगतो. पुष्कळ बनली, सुटे भाग अजून मिळतात आणि रोज वापरता येतं.

टोकन_घ्या

निवृत्त स्टेशनमास्तर, मध्य रेल्वे. सिग्नलवाला यांनी एकेरी मार्गाबद्दल लिहिलं त्याला आपल्या बाजूने थोडी जोड देतो.

आपल्याकडे अमेरिकेसारखी घड्याळांची शिस्त का उभी राहिली नाही, असं तरुण मुलं विचारतात. आपले लोक वेळेचे कच्चे होते, हे त्याचं उत्तर नाही. आपल्याकडे कामाची पद्धत निराळी होती. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर (मार्ग मोकळा असल्याची परवानगी) दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पाहिजे. नील्स बॉल टोकनचं (इथे टोकन म्हणजे धातूचा गोळा) यंत्र मी स्वतः वर्षानुवर्षं चालवलं. दोन स्टेशनांची यंत्रं विजेने जोडलेली, एकाने गोळा काढला की तो परत यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघतच नाही. गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवून चालत्या इंजिनावर द्यायचा. ड्रायव्हरचं घड्याळ पाच मिनिटं चुकलं तर गाडीला उशीर होईल, टक्कर होणार नाही. म्हणून आपल्याकडे घड्याळ वक्तशीरपणासाठी होतं, आणि अमेरिकेत ते जिवासाठी होतं. माझ्या मते अमेरिकन रेलरोड घड्याळाची सारी किंमत या फरकात आहे.

सिग्नलवाला

काका, हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. मी दौंडला लहानपणी तो गोळा देताना पाहिला आहे, आणि तरीही ही जोड मला कधी दिसली नाही. मनापासून आभार.

तापीकाठ

धागा वाचून धीर करून लिहिते. मी भुसावळची. माझे पणजोबा जीआयपी रेल्वेत (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आताच्या मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी) गार्ड होते. त्यांचं खिशातलं घड्याळ देवघराशेजारच्या कपाटात आहे. घरात सगळे 'रेल्वेने दिलेलं घड्याळ' म्हणतात. दसऱ्याला पूजेत ठेवतो. तबकडीवर 'वॉल्थम' लिहिलंय, आकडे रोमन आहेत. म्हणजे ते खोटं का? आजीने सांगितलेलं सगळं चुकीचं ठरेल या भीतीने मी कधी कुणाला दाखवलं नाही.

लंबक

ताई, घाबरू नका. खोटं असायचं काही कारण दिसत नाही. अमेरिकेचे नियम तुमच्या पणजोबांना लागू नव्हते. मागचं झाकण बिजागरीचं आहे का बघा. खाचेत नख घालून उघडेल. आत आणखी एक झाकण असेल तर तेही. झाकणाच्या आत चांदीचे शिक्के असतील, आणि मशीनवर आठ आकडी क्रमांक. फोटो टाका. मशीनला बोट लावू नका.

तापीकाठ

उघडलं. फोटो टाकलेत. हात थरथरत होते, त्यामुळे एक फोटो हललाय. झाकणाच्या आत जहाजाचा नांगर आणि सिंह आहे. मशीनवर 'ट्रॅव्हलर' असं नाव आणि १ कोटी ९२ लाखांच्या घरातला क्रमांक.

सिग्नलवाला

ताई, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग प्रतीची चांदी. मशीन अमेरिकेतलं, मॅसॅच्युसेट्सच्या वॉल्थमचं. या क्रमांकावरून ते पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधीचं. वॉल्थमची मशीनं मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला जात, तिथे त्यांना केस बसे आणि पुढे साम्राज्यभर विकली जात. वॉल्थमच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲरन डेनिसन नंतर बर्मिंगहॅमलाच जाऊन केस बनवू लागले होते. केसवर त्यांच्या नावाची ए.एल.डी. अशी अक्षरं आहेत का, तेवढं भिंग लावून बघाल?

'ट्रॅव्हलर' सात ज्वेल्सचं. अमेरिकेतल्या रेल्वे तपासणीत ते बसलं नसतं, हे स्पष्ट सांगतो. पण टोकन_घ्या काकांनी लिहिलंय त्या पद्धतीत गार्डाला गाडीच्या वेळा नोंदवायला ते पुरेसं होतं. रेल्वेने दिलं की पणजोबांनी स्वतः घेतलं, हे मात्र घड्याळावरून ठरणार नाही, त्यावर रेल्वेचा शिक्का दिसत नाही. जुने कागद, सर्व्हिस बुक असं काही घरात असेल तर शोधा.

टोकन_घ्या

ताई, एक सांगतो. घड्याळ त्या काळातलं असेल तर पणजोबांनी ते भारतीय प्रमाणवेळेवर लावलेलं असणार. ही वेळ १९०६ मध्ये आली. त्याआधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची. पण मुंबई शहराने आपला बॉम्बे टाइम पुढेही कित्येक वर्षं, पार १९५५ पर्यंत सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. भुसावळहून गाडी घेऊन बोरीबंदरला उतरलेल्या गार्डाच्या खिशातली वेळ आणि शहरातली वेळ यांत पाऊण तासाला थोडाच कमी फरक असायचा.

तापीकाठ

काका, हे वाचून मी आईला फोन केला. आजी सांगायची की पणजोबा मुंबईला नातेवाइकांकडे गेले की म्हणायचे, 'तुमची वेळ तुमच्याजवळ ठेवा, माझी गाडीची आहे.' आम्हाला वाटायचं ते हट्टी होते.

अक्षरं बघितली, ए.एल.डी. आहेत. सर्व्हिस बुक मामाकडे ट्रंकेत असेल, दिवाळीत गेले की काढते. लंबककाका, साफ करायला पुण्याला तुमच्याकडे आणलं तर चालेल का? तोवर चावी देत नाही.

लंबक

आणा. शनिवारी मी स्वतः दुकानात असतो. साखळी काढून, मऊ सुती कापडात गुंडाळून डब्यात आणा, पर्समध्ये किल्ल्यांबरोबर नको.